नाचणीतला कडूलिंबाचा पाला

मुंबई, मे १९४४

तीर्थरूप आईच्या पायावर सावळारामचं डोकं.

मी खुशाल हाय. रेशनचा तांदूळ मिळतो, पोट भरतं.

कोंडिबामामांनी वेल्ह्याहून तुजी नाचणी आणून दिली. दळायला काढली, तर आत कडूलिंबाचा पाला! आई, पाला आपण फकस्त बियाण्यात घालतो. म्हंजी घरातली खायाची नाचणी सरली, व्हय ना? मला का कळवलं न्हाईस? धाकटी अंबू पोटभर जेवती ना?

नाचणी मामांसंगं माघारी धाडतोय. ती पेर. लावणीला मी रजा काढून येतो. इर्जिकीत समद्यांच्या वावरात राबीन, मग गावबी आपल्या वावरात उतरंल.

चार दाणे तेवढे म्या चावले. आपल्या डोंगराची चव आली. तेवढे कमी भरतील.

तुजा लेक,
सावळाराम