माहिती कोणास द्यावी

३ मार्च
सूनबाई ताकास तूर लागू देत नाही! यांचा रिपोर्ट तिच्याच हॉस्पिटलात, तिच्याच कपाटात – रेकॉर्ड सांभाळायचीच नोकरी ना तिची. आणि मला, सख्ख्या सासूला म्हणते, "आई, बाबांनाच विचारा." यांना विचारलं तर, "काही नाही गं." काही नाही, मग माणूस सहा किलो उतरतो कसा?

४ मार्च
सरळ तिच्या खिडकीवरच गेले. रांगेत उभी राहून. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, रिपोर्ट मात्र नाही. म्हणे, फॉर्मवर पेशंटने ज्याचं नाव लिहिलंय त्यालाच सांगता येतं. माझं आहे का? "तेही सांगता येत नाही, आई." कळलं – नाहीये! काखेत कळसा, आणि कळशाला कुलूप.

५ मार्च
बोलले नाही तिच्याशी.

८ मार्च
मुलानेही विचारून पाहिलं. नवरा तिचा! त्यालाही तेच उत्तर. खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं.

११ मार्च
यांनी आज आपणहून सांगितलं. मूत्रपिंडात गाठ आहे. ऑपरेशन करायचं नाही, नुसती औषधं घ्यायची, असं डॉक्टरांना सांगूनही आले! फॉर्मवर ‘माहिती कोणास द्यावी’ असं विचारलेलं, तिथे यांनी लिहिलं – कोणालाही नाही. चाळीस वर्षं संसार केला आणि मी ‘कोणालाही’मध्ये! फार भांडले. मग हे म्हणाले, "तू रडली असतीस तर मी ऑपरेशनला हो म्हटलं असतं. मला माझं मी ठरवायचं होतं."

रडले असतेच. हो म्हणवूनही घेतलं असतं.

आणि ती पोरगी! इतके दिवस माझ्यासमोर जेवत होती, माझे टोमणे गिळत होती, आणि चेहऱ्यावर रेषसुद्धा नाही. माझ्या पोटात पाच मिनिटं राहिलं नसतं. मानलं तिला.

१२ मार्च
सुनेचं कौतुक करत होते, तर हे हसले. "मागच्या वर्षी मीपण तिला असाच छळायचो. तुझ्या काखेत पट्टी दिसली होती म्हणून. ‘बाबा, आईंनाच विचारा.’"

माझी गाठ! साधी निघाली, मी विसरूनही गेले होते. ती रजेवर असतानाचा दिवस साधून तिच्याच हॉस्पिटलात गेले होते मी. वाटलं, कुणालाच पत्ता नाही.

मीही तोच फॉर्म भरला होता. काय लिहिलं होतं, ते आत्ता आठवलं.

कोणालाही नाही.