पोरीच्या कानांनी

तात्या, तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं आणि तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, तरी आज लिहायला बसले आहे. गेल्या आठवड्यात मी शिकवते त्या शाळेतल्या लहान मुलींना जुनं नाशिक दाखवायला नेलं. इतिहासाच्या पुस्तकातलं नाशिक त्यांना कंटाळवाणं वाटतं, म्हणून मी आपला खेळ काढला. दोघीदोघींची जोडी, एकीचे डोळे रुमालानं बांधायचे, दुसरीनं तिचा हात धरायचा आणि बांधलेलीनं नुसतं ऐकून आपण कुठे आहोत ते सांगायचं.

तुमच्या तांब्याच्या भांड्यांच्या दुकानाला, साऱ्या आळीलाच, अमावास्येची सुट्टी असे. त्या दिवशी तुम्ही भांडी उजळून चिंचेचा वास येणाऱ्या पंच्यानं माझे डोळे बांधायचात आणि मला गावभर फिरवायचात. ‘काय ऐकू येतं? तोंड इकडे कर आणि सांग.’ मी सांगायची, टांग्याचे घुंगरू, म्हणजे अड्डा. सराफांच्या बोळात बारीक टिकटिक. पुढे कपडे आपटल्याचा आवाज, की गोदावरी, आपली गंगा आली. शेवटी एकदम सगळं गप्प व्हायचं आणि मी ओरडायची, ‘आपली तांबट आळी!’ इतर दिवशी जिथे शेजाऱ्याचा शब्द कळत नाही, ती आळी मी तिच्या शांततेवरून ओळखायची. तुम्ही टाळी द्यायचात. जन्मभर घागरी ठोकून तुमचे कान गेले होते आणि तुम्ही माझ्या ओठांवरून शब्द उचलायचात, हे मला ठाऊक होतं. तरी ज्याला ऐकू येत नाही त्या माणसानं ऐकण्याचाच खेळ का काढावा, हे मी कधी विचारलं नाही.

मुलींनी फार धमाल केली. कपालेश्वराच्या पायऱ्यांवर एकीनं विचारलं, ‘बाई, इथे महादेवापुढे नंदी का नाही?’ तर डोळे बांधलेली दुसरी म्हणाली, ‘अगं, तोही आपल्यासारखा डोळे बांधून फिरायला गेला असेल!’ सोबत आलेल्या आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाईसुद्धा हसल्या. रामकुंडाजवळ त्यांनी मला विचारलं, ‘पद्धत छान आहे हो. कुठल्या पुस्तकात मिळाली?’ मी म्हटलं, ‘वाचली होती कुठेतरी.’ तात्या, माझं उत्तर तयारच होतं. ‘माझ्या वडिलांची’ म्हणायला किती वेळ लागला असता? पण मग ते कुठे शिकले, काय करायचे, हे आलं असतं. भाषणांत मी श्रमाची प्रतिष्ठा सांगते, मुलींना सूत कातायला बसवते.

तिथून आम्ही तांबट आळीत आलो. कामाचा दिवस, सगळीकडे ठणठणाट. मुलींनी कान झाकले आणि त्या एका सुरात ओरडल्या, ‘भांडी!’ तुमच्या शेजारच्या दुकानातले काका हातोड्यानं ठोकून हंडा मठारत होते. त्यांनी मुलींचे बांधलेले डोळे पाहिले, मग मला पाहिलं आणि हातोडा खाली ठेवला. आपल्या आळीत बोलतात तसे ते ओरडूनच बोलले, ‘अगं, तू तात्याची ना? अमावास्येला डोळे बांधून फिरवायचा तुला! म्हणायचा, पोरीच्या कानांनी गाव ऐकून येतो!’

म्हणजे तो खेळ माझ्यासाठी नव्हता, तात्या. निदान सगळा माझ्यासाठी नव्हता. मी आपली शहाणी, बरोबर उत्तरं दिल्याची ऐट मिरवत होते, आणि तुम्ही माझ्या तोंडून टांगे, सराफा, गंगा ऐकत होतात. मला एकदम तुमची शेवटची दिवाळी आठवते. मी पुण्याहून आले आहे, कॉलेजात हळू, ठेवणीतल्या आवाजात बोलायला शिकले आहे. माझी एक मैत्रीण घरी आली आहे आणि तुम्ही नेहमीसारखं मोठ्यानं विचारता, ‘काय गं, पुण्यात काय काय ऐकू येतं?’ मी पुस्तकातून मान वर न करता म्हणते, ‘काही विशेष नाही. तात्या, हळू बोला ना.’ तुम्ही म्हणता, ‘तोंड इकडे कर, पोरी.’ मी करत नाही. त्यानंतर तुम्ही काही विचारलं नाहीत. माघात तापानं गेलात, तेव्हा मी परीक्षेचा अभ्यास करत होते.

काका वाट पाहत होते. मी म्हटलं, ‘हो काका, मीच ती.’ पण शाळेतल्या आवाजात. त्यांनी कानाला हात लावून विचारलं, ‘काय?’ मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या, मुली बघत होत्या. एकदा मोठ्यानं ओरडायचं होतं, तुमच्याशी लहानपणी दिवसभर ओरडायची तसं. मी ओरडले नाही. काकांचा चेहरा उतरला. हात जोडून म्हणाले, ‘चुकलो वाटतं. माफ करा, बाई.’ तात्या, ज्यांनी मला कडेवर खेळवलं, ते मला बाई म्हणाले. पुन्हा हातोडा सुरू झाला आणि मी मुलींना घेऊन पुढे निघाले.

आज अमावास्या. सकाळी काकांना भेटायला म्हणून निघाले होते. आळी अगदी गप्प होती. काका ओट्यावर एकटेच बसलेले कोपऱ्यावरूनच दिसले. त्या शांततेत मी ओरडले असते तर सगळ्या आळीनं ऐकलं असतं. मी कोपऱ्यावरूनच परत आले.

हा कागद मी ट्रंकेत तुमच्या पंच्याखाली ठेवणार आहे. मघाशी दार लावून एकदा मोठ्यानं हाक मारून पाहिली, ‘तात्या!’ शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, ‘काय झालं हो?’ मी म्हटलं, ‘काही नाही. उद्याचा पाठ म्हणून बघत होते.’