शनिवारी अकरा ते एक

२ सप्टेंबर, शनिवार
झाली एकदाची भेट! महिन्यातले दोन शनिवार, अकरा ते एक, म्हैसूरच्या कोर्टातली मुलांची खोली — जज्जसाहेबांनी सही करून दिलंय. पण मुलांना कोण सांगणार? अकरा वर्षांची सिंचना पाठ फिरवून बसली. निश्चल सात वर्षांचा. तोही ताईचं बघून पाठ फिरवतो, आणि मग हळूच वळून माझ्या डब्यातल्या कुरकुरीत कोडबळ्यांकडे बघतो. काय गोड दिसतो लबाड!
दोन तासांत सिंचना एकच वाक्य बोलली. "आंटी, पंखा कमी करा."
आंटी! नऊ महिने पोटात वाढवलंय मी हिला.

१६ सप्टेंबर
पुन्हा पाठ. वेणी कमरेपर्यंत आलीय. तेवढीच बघत बसले.

१७ सप्टेंबर
वकीलबाई शशिकलाम्मा म्हणतात, "बापानंच पढवलंय. आणखी एक अर्ज ठोकू." मलाही तेच वाटतं. दोन वर्षांपूर्वी मंजुनाथशी पटेना म्हणून मी घर सोडलं, मुलं माझ्याबरोबर आली नाहीत. तेव्हापासून त्यानं कान भरले नसतील तर नवलच.

७ ऑक्टोबर
निश्चल फुटला! चौथं कोडबळं तोंडात असताना. "नवरात्रात सगळ्यांच्या घरी बाहुल्या मांडतात, गल्लीतली पोरं घरोघर बघायला येतात. ताई दार लावून घेते. आमच्याकडे बाहुल्या बसतच नाहीत. तू राजा-राणी पळवलेस ना!"
"गप्प बस, माकडा!" सिंचना ओरडली. मग रडायलाच लागली.
माझ्या लग्नात माहेरून आलेली ती रक्तचंदनाची जोडी. ती मधोमध बसल्याशिवाय आमच्यात बाकीच्या बाहुल्या मांडत नाहीत. घर सोडताना पिशवीत घातली. आईनं दिलेली, माझा हक्क! खरं लिहायचं तर मंजुनाथचं अडावं म्हणूनच नेली. अडलं पोरांचं. दोन नवरात्रं! आणि मी बापाला दोष देत बसले. किती मूर्ख बाई मी.

८ ऑक्टोबर
जोडी पुसली, नवी जरीची वस्त्रं नेसवली, रिक्षा करून सासूबाईंच्या हातात देऊन आले. मुलं शिकवणीला गेली होती. 'आत ये' म्हणाल्या नाहीत. राणीचा पदर सारखा करत फक्त म्हणाल्या, "वाळलीस गं."
शशिकलाम्मा फोनवर कडाडल्या. "अहो, आपल्या हक्काच्या यादीत होती ती! निकालाआधीच देऊन मोकळ्या?"
झाले मोकळी.

१५ ऑक्टोबर
आज बाहुल्या बसल्या असतील. फोन नाही. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. भात करपवला.

२१ ऑक्टोबर, शनिवार
दसऱ्याची सुट्टी, कोर्ट बंद. आज भेटीचा हुकूम नाही.
सकाळी बेल वाजली. दारात दोघंच! सिंचना खाली बघत म्हणाली, "बाहुल्या बघायला चल. आज्जीनं पाठवलेलं नाही. आम्हीच आलोय."