गौरीची उडी

८ मार्च
गौरीच्या हाताचं प्लास्टर निघून वर्ष होत आलं. सायकलवरून पडली होती. तवापासून नातीचा धीरच गेला. घसरगुंडी नाही, झोपाळा नाही. बाकीचे पोट्टे खेळते आन् ही ओट्यावर बसून पाहाते. धंतोलीचा हाडाचा डॉक्टर म्हणते हात पक्का आहे, खेळू द्या. सून स्वाती म्हणते, "राहू द्या आई, जबरदस्ती नको." पोराले, प्रशांतले म्हटलं, उड्या मारायचं ट्रॅम्पोलिन आण. मनीषनगरात घर बांधलं, मागं एवढी जागा, तिथं काय गवत पाहाचं?

११ मार्च
प्र. संगं दुकानात गेली. दुकानवाला लय बोलते. "आंटी, इसमें लाइट भी है." म्हटलं, लाइट तुझ्या घरी लाव, जाळी दाखव. एकाची जाळी स्प्रिंगच्या बाहेरून. लेकराचा पाय स्प्रिंगमंदी गेला म्हणजे? जाळी आतून, खांबाले फोम, स्प्रिंगवर जाड गादी, असं घेतलं. प्र.ले सगळ्यात मोठं पाहिजे होतं. भिंतीले चिकटलं असतं ते. मधलं घेतलं. वाद संपला.

१५ मार्च, रविवार
प्र.नं फरशीवर मांडलं. "आई, सपाट आहे ना." फरशीवर पडलं तं डोकं फुटते. काढ. मंग कडुनिंबाखाली, सावली म्हणे. वर फांदी. उडालं का टकुऱ्याले लागते. काढ. शेवटी मधात, मातीवर. मिस्त्री लावते तशी पाण्याची नळी लावून लेव्हल पायली. एक बाजू खाली. प्र. वीट घालत होता. वीट सरकते! उंच बाजूची माती काढली. लोखंडी खुंटे मंडपासारखे तिरपे ठोकले. आपल्याकडचं अंधड छपराच्या टिना उडवते, हे काय मोठं.
प्र. घामाघूम. "आई, तू इंजिनिअर काहून नाही झाली?" सातवीतून काढलं बापानं, म्हणून.

१८ मार्च
एका वेळी एक. कोलांटी बंद. जाळीच्या दाराची चेन लावल्याशिवाय उडी नाही. मोठं माणूस नसलं का शिडी घरात.
बंटी, गौरीचा लहाना भाऊ, माकडावाणी उडून राहिला. शेजारचे पोट्टे लाइनीत. गौरी नंबर लावून देते, सोता चढत नाही.
"तुले नाही उडाचं का वं?"
"मी मॅनेजर आहे, आजी."
बापाचं तोंड घेतलं पोट्टीनं.

२१ मार्च
चढली! बंटी ट्यूशनले गेला तवा. आधी गुडघ्यावर. मंग उभी. मंग एक उडी, लहानशी. स्वाती खिडकीतून पाहातच राहिली. भाजी जळाली. जळू दे.

२४ मार्च
काय केलं मी हे.
ऊन लय. ट्रॅम्पोलिनचं काळं कापड तव्यासारखं तापते. संध्याकाळी अंगणात सडा टाकते तसंच त्याच्यावरही पाणी मारलं, लेकरांचे पाय भाजू नये म्हणून. वाळलं वाटलं. गौरी चढली, पाय सटकला, खांबावर आपटली. फोमनं निभावलं. पण तोच हात. किंचाळली. धंतोली. एक्सरे. हाड ठीक आहे, नुसता मुका मार.
 घरी येऊन स्वाती म्हणते, "ते परत पाठवा."
म्हटलं, पाणी मी मारलं, त्याचा काय गुन्हा?
"आई, जिद्द तुमची आहे. हात तिचा आहे."
बरोबर बोलली. तरी खोलू नाही दिलं.

२६ मार्च
स्वा. संगं तह. रविवारपर्यंत ठेवाचं. गौरी आपल्या मनानं चढली तं राहील, नाही तं जाईल. अट: तिले कोणीच चढ म्हणाचं नाही. "खास करून तुम्ही, आई."
दुपारी वरून जुनी चादर टाकते आता. पाणी नाही.

२९ मार्च, रविवार
दिवसभर तोंड शिवून बसली. जीव गेला माझा.
संध्याकाळी ओट्यावर कैऱ्या चिरून राहिली होती. गौरी आली. माझ्याकडं पायलं. मी कैरीकडं. तिनं चादर काढली, घडी केली. कापडावर हात फिरवला, मधात, काठाले, सगळीकडं. आजीच्या कामावर भरोसा नाही. बरं आहे. शिडी चढली, आत गेली, चेन लावली. आन् मांडी घालून बसली. बसलीच.
स्वाती दारात. हळूच म्हणते, "हे चढणं धराचं का, आई?"
"मले बोलाची बंदी आहे."
हसली. पण डोळे तिकडंच.
तिकडं गौरी मांडी सोडून उभी होऊन राहिली.