अंजिरासाठी जमीन मऊ करताना

४ जानेवारी, सकाळी

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सून लिहिणार. तिला बजावलंय, मी बोलेन तेच लिहायचं, मध्ये आपली अक्कल घालायची नाही. हे कुणीही वाचायचं नाही. मला अक्षर येत नाही, तेव्हा मीसुद्धा वाचणार नाही. गुपित पक्कं.

संकल्प एकच. ऊन तापायच्या आत अंजीर खाली जमिनीत लावायचं.

६ जानेवारी

अंजीर मूळचं इथलंच. ही बिल्डिंग उभी आहे तिथे आमचं घर होतं. मुलगा झाला तेव्हा अंगणात अंजीर लावलं. बिल्डरने घर घेतलं, बदल्यात अकराव्या मजल्यावर फ्लॅट दिला आणि झाड गार्डनमध्ये तसंच ठेवू म्हणाला. मी अंगठा दिला. त्याने झाड पाडलं. पण मी धोरणी. आधीच एक फांदी कापून बादलीत लावली होती. आता ती माझ्या खांद्याला लागते आणि बादलीला चीर गेलीय.

सून म्हणते, मोठी कुंडी आणू. मी म्हटलं, स्वतःची जमीन असताना भाड्याने कशाला राहायचं?

७ जानेवारी

जागा हेरली. गेटजवळची हिरवळ. काय गवत आहे. सगळं एका उंचीचं, एक पातं पिवळं नाही. जमीन मात्र खडक झालीय, पायाला जरा म्हणून दबत नाही. आधी पाणी पाजून मऊ करायला हवी. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधून जे वाया जातं ते दोन कॅनमध्ये भरलं, लिफ्टने खाली नेलं, ओतलं. घटाघटा प्यायली. तहानलेली होती बिचारी.

गवतापुढे पाटी आहे. काळजी घ्या, असंच काहीतरी असणार. अशा गोष्टी मला न वाचता कळतात. इथे सुनेचा हात थांबला. मी म्हटलं, पुढे लिही.

१९ जानेवारी

रोजच्या पाण्याने बारा दिवसांत गवत तरारलं. शेजारणीला नेऊन दाखवलं. म्हणाली, पहिल्यापासून असंच आहे की. दुसऱ्याचं कौतुक करताना काही लोकांची जीभ जड होते.

माळी बाकी कामचुकार. गवत कापत नाही, नुसतं मशीन फिरवून धूळ ओढतो, गालिच्यावर फिरवतात तसं. खत काय घालतोस विचारलं. म्हणाला, काही नाही, आजी. म्हणजे जे आहे ते सगळं माझ्या पाण्याचं.

२ फेब्रुवारी

पार्किंग तळघरात आहे. तिथे छतातून पाणी गळायला लागलंय, आणि तेही नेमकं सेक्रेटरीच्या नव्या गाडीवर. सेक्रेटरीचं नाव मी 'नोटीस' ठेवलंय. कुणी शिंकलं तरी लिफ्टमध्ये कागद चिकटवतो. आज तीन कागद.

५ फेब्रुवारी

मीटिंग. दहा मार्चला इन्स्पेक्टर येणार, बिल्डिंगला 'ग्रीन' सर्टिफिकेट द्यायचं की नाही ते बघायला. आणि इथे गळती. मी उठले. म्हटलं, शहर चहूकडून वाढतंय, रोज एक टॉवर उगवतोय, टँकरची वाट बघून लोकांच्या माना दुखतात, आणि आपल्यातलाच कुणीतरी राजरोस पाणी वाया घालवतोय. तो कुणी का असेना, त्याला मी शोधून काढेन आणि सगळ्यांसमोर उभा करून माफी मागायला लावेन.

टाळ्या पडल्या. पाणी बचाव पथक स्थापन झालं. प्रमुख मी. सुनेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भारावली असणार.

१२ फेब्रुवारी

पथक जोरात. सहा घरांतल्या बायका आपापल्या फिल्टरचं पाणी कॅनमध्ये भरून माझ्या दाराशी ठेवून जातात. एवढा मान. खाली यायला मात्र एकीलाही वेळ नाही. वॉचमन ट्रॉली ढकलून देतो. मी ओतायला लागले की तो तोंडावर रुमाल धरतो. धुळीचा त्रास असावा.

गुडघा अजिबात दुखत नाही. डॉक्टरचं तेल लागू पडलं. (ते मी लावत नाही. हे लिहू नकोस.)

२० फेब्रुवारी

गळती वाढली. पथकाचं काम वाढतंय आणि गळतीही वाढतेय, म्हणजे गुन्हेगार आम्हाला मुद्दाम खिजवतोय. माझा संशय पहिल्या मजल्यावर. दोन मुलं, बाथरूममध्ये टब, आणि हसणं फार. मी नोटीसच्या कानावर घातलं. प्लंबरने त्यांच्या बाथरूमच्या फरशा फोडल्या. काही सापडलं नाही. लबाड आहेत.

आता ती बाई माझ्याशी बोलत नाही. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

३ मार्च

अंजिराने तीन पानं गाळली. बादलीच्या चिरेतून मूळ बाहेर येऊन वाळलंय. आता थांबले तर झाड हातचं जाईल. मुलगा झाल्यावर लावलेल्या झाडाचं एवढंच उरलंय. दोन महिने पाणी प्यालेली जमीन एव्हाना लोण्यासारखी झाली असणार. नऊ तारखेला लावायचं. पथकाला आमंत्रण दिलं. खुरप्याला धार लावली. सून म्हणाली, आई, एकदा आधी खुरपं टोचून तर बघा. मी म्हटलं, तू लिही.

९ मार्च, दुपारी

खुरपं मारलं. टण्ण झालं.

पुन्हा मारलं तर गवताचा कोपरा सतरंजीसारखा वर आला. खाली सिमेंट. सिमेंटला एक भेग, आणि तिच्याखाली नोटीसची गाडी.

माळी म्हणाला, आजी, हे प्लास्टिक आहे, वर्षातून एकदा धुवायला काढतो. मी विचारलं, पाटीवर काय आहे? वॉचमनने रुमाल काढून वाचलं. कृत्रिम हिरवळ, पाणी घालू नये.

पथक उभं होतं. पहिल्या मजल्यावरची बाईसुद्धा.

९ मार्च, संध्याकाळी

सुनेला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, पाटीच्या दिवसापासून. मग बोलली का नाहीस? म्हणाली, अक्कल घालायची नाही असं पहिल्याच पानावर आहे, वाचून दाखवू?

मग हळूच म्हणाली, इथे राहायला आल्यापासून वर्षभर तुम्ही दाराबाहेर पडला नव्हता, आई.

हे लिहू नकोस म्हटलं. लिहितेय.

१० मार्च

इन्स्पेक्टर आला. हिरवळ बघून खूश झाला. सर्टिफिकेट मिळालं.

मी सगळं आवार फिरले. तीन बिल्डिंगा, आणि अंजिराच्या मुळापुरतीही माती नाही. सुनेने बाल्कनीत मोठा ड्रम आणून ठेवलाय. भाड्याची जागा. दोघींनी मिळून लावलं. फांदीवर एक डोळा हिरवा दिसतो, फुटायच्या बेतात. पण माझी नजर तुला माहीतच आहे.

११ मार्च

उद्या मीटिंग. विषय एकच, गळतीच्या गुन्हेगाराला सगळ्यांसमोर उभं करणं. पथकप्रमुख या नात्याने ते काम माझ्याकडे आहे. गुडघा कालपासून पुन्हा दुखतोय. गुन्हेगाराने खुर्चीत बसून माफी मागितली तर चालेल का, ते सुनेने पहिल्या मजल्यावर जाऊन विचारून यावं.