पहिल्या रांगेतली खुर्ची

१२ जानेवारी

वहिनीचे शब्द जसेच्या तसे उतरवून ठेवते, पुढे उपयोगी पडतील. "वन्सं, एवढा लांबचा प्रवास तुम्हाला झेपायचा नाही हो. आम्ही फोनवर सगळं लग्न दाखवू ना. घरबसल्या, पाय वर घेऊन बघा."

पाय वर घेऊन! त्रेपन्नाची आहे मी, त्र्याण्णवची नाही. रोज चार जिने चढते. आणि लग्न कुणाचं? खारूचं. दादा-वहिनी परदेशात बस्तान बसवायला गेले तेव्हा ही तीन वर्षांची पोर माझ्याकडे टाकून गेले. सहा वर्षं सांभाळली. घास गालात धरून बसायची म्हणून खारू — हे नावसुद्धा मी ठेवलेलं. त्या खारूचं लग्न मी फोनवर बघायचं.

मागून दादा पुटपुटला, "खर्चही फार येतो गं."

म्हणजे म्हातारीही झाले आणि भिकारीही. एका फोनमध्ये दोन्ही.

१३ जानेवारी

ठरलं. जाणार. स्वतःच्या पैशाने. त्यांच्या घरी उतरायचं नाही, त्यांच्या गाडीत बसायचं नाही. पहिल्या रांगेत मधोमध खुर्चीवर जाऊन बसायचं आणि वहिनीकडे बघून हसायचं. लग्न सप्टेंबरात. पैसे जमेपर्यंत कुणाला चकार शब्द नाही.

२ फेब्रुवारी

नोटा बदलून देणाऱ्याच्या दुकानात गेले. काचेला एवढीशी खिडकी, मागे तो चष्मेवाला.

"कशासाठी हवेत डॉलर?"

सूड घ्यायला, असं अगदी ओठांवर आलं होतं. "लग्नाला," म्हटलं.

"तुमच्या?"

मेला. पन्नास घेतले. हवेत दोन हजार — तिकीट, चार दिवसांची खोली, आणि वहिनीच्या डोळ्यांत खुपेल अशी एखादी पर्स तिथलीच.

नोटा कामावरून आणलेल्या दातांच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या, वर एक जुनी कवळी. चोराने डबा उघडला तरी पुढे हात घालायचा नाही.

३१ मार्च

साडेतीनशे. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, रविवारचीही कामं द्या. दवाखान्याच्या मागच्या खोलीत अठ्ठावीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवतेय, रविवारी कधी फिरकले नव्हते. बाई म्हणाल्या, "अचानक काय झालं? घर घेताय?" म्हटलं, घर नाही, खुर्ची घेतेय.

त्या समजल्या दवाखान्याची. पाठीला टेकू असलेली नवी खुर्ची आणून ठेवली! आता तिच्यावर बसून काम करावं लागतं.

१८ एप्रिल

डॉलर वर गेला. आठवडाभर बस सोडून पायी चालले त्याची बचत एका सकाळीत गिळून बसला. हाही वहिनीच्या माहेरचा दिसतो.

९ जून

अकराशे. आईच्या दोन बांगड्या विकल्या. वाईट वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटलं.

वहिनीला ऐकवायची वाक्यं तयार करतेय. आजचं बरं जमलं — "तुम्ही तिला जन्म दिलात हो वहिनी, पण दात माझ्याकडे पडले तिचे." हे चार लोक जवळ असताना म्हणायचं. हळू आवाजात, म्हणजे लोक कान देतात.

२६ जून

देव आहे.

दादाचा फोन. वरची कवळी न्हाणीघरात पडली, दोन तुकडे. तिकडचे दाताचे डॉक्टर म्हणे नुसतं तोंड उघडायचेच पैसे घेतात. "गेल्या वर्षी आलो होतो तेव्हा तू माप घेतलं होतंस, आहे का गं?"

आहे ना. दादाचा वरचा जबडा प्लास्टरमध्ये फळीवर आहे, वर्षभर माझ्याकडे आ वासून बघतोय.

"बनवते," म्हटलं. "तीनशे डॉलर. आधी."

"अगं, मी तुझा भाऊ."

"हो रे. पण खर्चही फार येतो."

२ जुलै

आले तीनशे. एका ओळखीच्या माणसाच्या हाती, पाकिटात, वर वहिनीच्या अक्षरात माझं नाव. पाकीट फेकलं नाही. जपून ठेवलंय.

५ जुलै

आज दात मेणात मांडले. पुढच्या दातांच्या मागे जागा केसभर मोकळी राहिली की 'स' म्हणताना शिट्टी वाजते. नवीन शिकणाऱ्या पोरींना मी हेच तर ओरडून सांगते. दादा लग्नात चार शब्द बोलणार, असं तोच म्हणाला होता. सगळ्यांचं स्वागत, सासरचे, संसार, सुख... एवढे 'स' आयते!

अठ्ठावीस वर्षांत एक काम मुद्दाम बिघडवलेलं नाही. चहा प्यायले, खिडकीत उभी राहिले, परत आले. जागा केसभर मोकळी ठेवली. पक्की केली, घासली, चकाकवली. दिसायला इतकी सुंदर कवळी यंदा झाली नव्हती.

उद्या पार्सल.

१४ ऑगस्ट

दोन हजार वीस. चष्मेवाला म्हणाला, "झालं ना एकदाचं लग्न?" आज मी त्याच्याकडे बघून हसले.

घरच्या सगळ्यांच्या ग्रुपवर संदेश टाकला — "मी लग्नाला येत आहे. राहायची सोय माझी मी केली आहे. कोणी तसदी घेऊ नये." सगळ्यांनी वाचला. परवा तिकीट काढणार.

१५ ऑगस्ट

दादाचा फोन. कवळी तोंडात. शिट्टी अशी की जणू कुकर बोलतोय.

"सगळंच सांगता येत नाही गं. नको येऊस. एवढं ऐक माझं."

सात महिने साठवलेलं सगळं बाहेर काढलं. बाबांच्या आजारपणातली त्याची पळवाट. सहा वर्षं, आणि वर्षाकाठी एक चॉकलेटचा डबा. बायको बोलते आणि हा मागून पुटपुटतो. दातांचं वाक्यही वापरून टाकलं, लग्नापर्यंत धीर नव्हता. मध्ये वहिनीने फोन घेतला. म्हणाली, "बोला वन्सं, मला बोला हवं तर." बोलले. सोडते की काय!

शेवटी दादा म्हणाला, "बरं. कवळी छान बसलीये हं." शिट्टी मारतच.

झोप मात्र छान लागली दुपारी.

१६ ऑगस्ट

खारूचा फोन आला. "आत्या, आईबाबांना का बोललीस? यादी मी केली होती. तुझं नाव मीच घातलं नव्हतं. तुला कळू द्यायचं नाही म्हणून ते दोघं तुझी बोलणी खात बसले."

का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.