उकळत्या पाण्यातला रिटेनर

लूपे,

तुझ्या दातांच्या रिटेनरला वास येत होता, म्हणून मी तो उकळत्या पाण्यात टाकला. तो पार वाकडा झाला. "आजी, तो काय तारोचा कंद आहे उकडायला?" असं तू म्हणशील, तर म्हणून घे. मी पहिल्या बोटीने आपियाला दातांच्या डॉक्टरांकडे निघाले आहे. तोवर जुना घाल, पण बसत नसेल तर दाबून बसवू नकोस. धुताना पाणी थंडच घे. मासा झाकून ठेवला आहे, मांजराच्या आधी खा.

तुझ्या आईचा फोन आला तर खरं सांग. "तुला तिचे दातसुद्धा सांभाळता येत नाहीत, मी तिला ऑकलंडला घेऊन जाते," असं ती मला म्हणेल. माझ्यात आता भांडायचं त्राण नाही. तुला जायचं नसेल, तर ते तूच तिला सांग.

आजी